एकवीस घरांचं पाणी

त्रेसष्ट सालच्या डिसेंबरात मी शेजारच्या प्रेमचंदच्या बकरीला त्याचा ऑफिसचा कोट घातला. बटणं लावून. बकरी तशीच आमच्या ग्रां बुआ गावच्या रस्त्याने चिनी वाण्याच्या दुकानापर्यंत फिरून आली, आणि तिथून पैज सुरू झाली.

"नंदलाल, पन्नाशी आली तुझी," प्रेमचंद कोट झटकत म्हणाला. "आम्हाला छळल्याशिवाय पाच दिवस निघतील का रे तुझे?"

"तुम्हालाच करमायचं नाही माझ्याशिवाय."

"मग जा की समुद्रावर. ऊसतोड संपली, अर्धा गाव सुट्टीला चाललाय. शनिवारच्या आत तोंड दाखवू नकोस. टिकलास तर बकरीची घंटा गळ्यात घालून मी ऑफिसला जातो."

त्याची बायको सत्यवती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि हरलात तर भावजी, बानानेच्या सकाळी दुकानासमोर स्टुलावर बसायचं. ज्या ज्या घराची खोडी काढलीत, त्या प्रत्येक घराचा एक तांब्या थंड पाणी डोक्यावर."

बानाने म्हणजे आमचं नवं वर्ष. थंड म्हटल्यावर मी जरा दचकलो. भर उन्हाळ्यातही मला आंघोळीला कढत पाणी लागायचं. माझी बायको कुंती चिडवत चिडवत तापवायची. जूनमध्ये ती गेली, तेव्हापासून मी नळाखालीच उरकत होतो. खोड्याही तेव्हापासूनच वाढल्या. घरी नुसतं बसलं की घर ऐकू येतं.

सोमवारी बस पकडली. माएबूर्गच्या पुढे ओळखीच्या एकाचं कांपमां होतं, किनाऱ्यावरचं सुट्टीचं घर, उसाच्या पाचटाने शाकारलेलं. जागा बघाल तर वेडे व्हाल. लांब खडकांवर लाट फुटून पांढरी रेघ उमटायची आणि अलीकडे पाणी ताटात वाढल्यासारखं शांत. संध्याकाळी शेजारच्या कांपमांतली माणसं शेकोटीवर रवान तापवायची, ती चामड्याची डफली, आणि बायका वाळूत पाय घासत सेगा नाचायच्या. मला बघून हात हलवायच्या. मी पण हलवायचो. बस, संपलं.

मंगळवारी मी माझ्याच चपला वाळूत पुरल्या. मग शोधल्या. लगेच सापडल्या, काय मजा येणार?

बुधवारी सकाळी आफ्रिकी वंशाचा एक क्रेओल कोळी होडी ओढून वर आला आणि मला एक मासा देऊन गेला, असाच. मी म्हटलं, आता सापडलास. त्याला चहा दिला, दोन चमचे मीठ घालून. प्रेमचंद असता तर थुंकला असता, काठी घेऊन मला उसात पळवलं असतं, वर माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. या माणसाने एक घोट घेतला, थांबला, माझ्याकडे बघितलं आणि तळापर्यंत प्यायला. कप धुऊन ठेवला. "मेर्सी, मुस्ये," म्हणत आभार मानले.

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

गुरुवारी तो परत आला. मी लाजेने चांगला, साखर घातलेला चहा दिला. पिऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला, "आज मीठ घालायला विसरलात, मुस्ये."

थट्टा नव्हती. त्याला वाटलं होतं, आमच्याकडे चहा असाच करतात. माझ्या अख्ख्या बेटावरच्या ओळखीत एक माणूस वाढला, आणि त्याला मी खारट चहा पिणारा म्हातारा एवढाच माहीत.

दुपारची बस पकडून मी घरी आलो. प्रेमचंद दारातच होता.

"गुरुवार आहे," तो म्हणाला.

"डास फार."

"समुद्रावर?"

"मोठमोठे."

त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली, हेच वाईट.

एक जानेवारीला दुकानासमोर गर्दी जमली. मी स्टुलावर बसलो. एकवीस घरं निघाली. मला वाटलं होतं बारा. हरिलालने तांब्या ओतताना कानही पिळला. चंद्रावतीमावशीने पाण्यात बर्फ टाकला होता. शिव्या, टाळ्या, चिनी वाणीसुद्धा काउंटर सोडून बाहेर आलेला. मी कुडकुडत होतो आणि दात दाखवत होतो.

सतरावा तांब्या डोक्यावर आला आणि खांद्यांवरून उतरला. कढत होता. मी वर बघितलं. सत्यवती.

"वहिनी," मी हळूच म्हणालो, "पैज थंड पाण्याची होती."

"गप बसा," ती म्हणाली. "चार घरं राहिलीत अजून."