ब्रेमर साहेबांची पितळी घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे, मी सभेची घंटा. माझा आवाज ऐकून कोणी हात जोडत नाही, की दप्तर उचलून घराकडे पळत नाही. माझ्या आवाजाने माणसे गप्प बसतात. म्हणजे निदान बसावीत अशी अपेक्षा असते. सध्या मी भिलाईत, शेषरावांच्या क्वार्टरमध्ये एका खिळ्याला टांगलेली आहे. पण मित्रांनो, माझे माहेर फार लांब, जर्मनीत आहे.

तिथल्या एका पोलादी गावात मला ओतले. लेथवर काम करणाऱ्या योहान ब्रेमर नावाच्या कामगाराने माझा लाकडी दांडा घडवला. ब्रेमर साहेब सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या गावातल्या शाखेचे अध्यक्ष होते. कामगाराला मत असावे, आठ तासांचा दिवस असावा, वाचायला पुस्तके असावीत म्हणून झटणाऱ्या माणसांचा तो पक्ष. दर शनिवारी खाणावळीमागच्या हॉलमध्ये बैठक भरे आणि मी टेबलावर ऐटीत बसे. नियम एकच होता. ज्याचे बोलणे सभेला आवडत नाही, त्याला बोलता यावे म्हणून मला आधी वाजवायचे. आवडत्या माणसाला काय, टाळ्या मिळतातच!

मग हिटलरचे दिवस आले. त्याची तपकिरी सदऱ्यांतली माणसे सभेत घुसत, बूट आपटत, खुर्च्या फेकत. ब्रेमर साहेबांच्या मंडळींनी कोटावर तीन बाणांचा बिल्ला लावला. भिंतींवरच्या नाझी चिन्हांवर खडूने तीन बाण ओढून ती खोडली. कारखान्याच्या फाटकावर पत्रके वाटली आणि त्यापायी मारही खाल्ला. एकदा भिरकावलेली बाटली थेट माझ्यावर आदळली. माझ्या कडेला पोचा दिसतो ना, तो त्याच दिवसाचा.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. सगळे अधिकार त्याच्या हाती देणारा कायदा संसदेत मांडला गेला, तेव्हा हजर असलेल्या आमच्या चौऱ्याण्णव जणांनी, भोवती हिटलरच्या लोकांचा पहारा असताना, 'नाही' म्हटले. दुसऱ्या एकाही पक्षाने म्हटले नाही. कम्युनिस्टांना तर आधीच आत येऊ दिले नव्हते. ती बातमी हॉलमध्ये वाचली गेली तेव्हा धट्टीकट्टी माणसे रडली. मला फार अभिमान वाटला.

पण माझ्या मनात एक सलही आहे, तो तुमच्यापासून कशाला लपवू? पुढच्याच बैठकीत आमची जुनी मंडळी म्हणाली, "आता थोडे दिवस गप्प राहू. शाखा तरी वाचेल." तेव्हा क्लारा नावाची विणकर बाई उठली. "गप्प राहून काहीही वाचणार नाही," ती म्हणाली, आणि सगळे तिच्यावर तुटून पडले. परके नव्हे, आपलेच लोक! ब्रेमर साहेबांचा हात माझ्या दांड्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. क्लारा खाली बसली. तीन महिन्यांत पक्षावर बंदी आली. क्लाराला पकडून नेले, ती परत आली नाही.

साहेब मला मोज्यात गुंडाळून सरहद्दीपलीकडे गेले आणि कुठून कुठून फिरत नागपूरला पोहोचले. लोखंडकामाच्या एका कारखान्यात त्यांना काम मिळाले. महायुद्ध पेटले तेव्हा इंग्रजांनी त्यांना छावणीत डांबले, कारण काय, तर हा जर्मन! हिटलरपासून पळालेला माणूस हिटलरचाच ठरला. सुटून आल्यावर त्यांनी शेषराव नावाच्या तरुणाला लेथवरचे, टर्नरचे काम शिकवले, आणि शेवटच्या दुखण्यात मला त्याच्या हाती दिले.

"शेषराव, मी हिटलरला घाबरलो नव्हतो," ते म्हणाले. "मी माझ्या मित्रांना घाबरलो."

१९५८ साली शेषराव भिलाईला आले. तिथला पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता. पत्नी सत्यभामाबाई दिवसातून चारदा धूळ झटकत आणि पाचव्यांदा हात टेकत. क्वार्टरच्या ओळीतल्या लोकांची सभा दर रविवारी सकाळी कडुलिंबाखाली भरू लागली, शेषराव अध्यक्ष झाले आणि मला पुन्हा टेबल मिळाले. सार्वजनिक नळ लांब पडे, म्हणून ओळीतल्या पुरुषांनी स्वतःच पाइप जोडून तो जवळ आणला. जोड घट्ट बसावा म्हणून पाइपाच्या टोकांना पाडतात ते आटे शेषरावांनी कापले. पलीकडच्या झोपड्यांतले मजूरही त्याच नळावर पाणी भरत.

उन्हाळ्यात ओळीतल्या दोन मुलांना कावीळ झाली. त्यातली कौशल्या ही दौलतरावांची मुलगी. दौलतराव क्रेन चालवत; शेषरावांचे ते नागपूरपासूनचे जिवलग. त्या रविवारी ते सभेत उभे राहिले, तेव्हा त्यांचे डोळे तांबारलेले होते.

"झोपड्यांतले लोक नळाले हात लावतात, म्हणून ही बिमारी आली," ते म्हणाले. "उद्यापासून त्यायचं पानी बंद!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मैनाबाई पुढे आली. ही झोपड्यांत राहणारी, गोंदियाकडची, नवऱ्याबरोबर कामाला आलेली; दिवसभर डोक्यावर माती वाही. "मले बोलू द्या," ती म्हणाली.

"तू कावून बोलतं? बस खाली!" चहूकडून ओरडा झाला.

शेषरावांनी माझ्याकडे हात नेला, पण दौलतरावांनी मला वरून दाबून धरले. "घंटी राहू द्या, शेषराव. माही पोरगी तिकडे तळमळून राहिली. आज तरी आपल्या मानसाचं ऐका."

मित्रांनो, मी पितळेची असूनही घाबरले. मैनाबाई खाली बसली असती तर झोपड्यांमधली माणसे भर उन्हात पाण्याविना राहिली असती. शेषरावांनी मित्राचा हात हळूच बाजूला केला आणि मला खणखणून वाजवले. आंब्याच्या झाडावर दगड पडताच पाखरे चूप व्हावीत तसे सगळे एकदम चूप झाले.

मैनाबाई म्हणाली, "तीन दिवसांपासून सांगून राहिली, कोनी ऐकतच नाही. तुमचा पाइप नालीतून गेला. मी तिथंच माती उचलते. त्याचा जोड गयते. नाली भरली का घान पानी आत जाते. आमीबी तेच पितो, भाऊ. माह्या पोराचेबी डोये पिवये झाले."

सगळे नालीकडे धावले. मी टेबलावरच राहिले, त्यामुळे पुढचे सत्यभामाबाईंच्या तोंडून कळले. जोड ढिला होता. शेषरावांनी त्यावरून बोट फिरवले. आटे उथळ कापले गेले होते.

"हे आटे मीच कापले," ते सर्वांसमोर म्हणाले. "चूक माही आहे."

कडुलिंबाखाली परतेपर्यंत सभेचा नूर पालटला होता. मघाशी झोपड्यांवर उठलेली माणसे आता शेषरावांवर उठली. "याले काढा! पोरं मारून राहिला हा!" दौलतराव सर्वांत मोठ्याने ओरडत होते. शेषराव मान खाली घालून उभे होते. स्वतःसाठी मला वाजवणे त्यांना कसे जमणार?

मला मैनाबाईने उचलले. मातीने खरखरीत झालेल्या तिच्या हातात माझा आवाज जितका मोठा निघाला, तितका जर्मनीतही कधी निघाला नव्हता.

"त्यालेबी बोलू द्या," ती म्हणाली.

शेषराव फार बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत नवे आटे कापून देतो, तोवर सगळ्यांनी पाणी उकळून प्या, एवढेच म्हणाले. ते वाकून काम करू लागले, तेव्हा पाइपाचे दुसरे टोक दौलतरावांनी धरले होते. कौशल्या आणि मैनाबाईचा मुलगा, दोघांनाही उतार पडला.

आता सभांना लाऊडस्पीकर आला आहे आणि मी खिळ्यावर काळी पडते आहे. चिंचेने घासून मला चकाकवले नाही तरी माझी तक्रार नाही. फक्त मला इथे विसरू नका, मित्रांनो. चार माणसे जमतील तिथे न्या, आणि ज्याचे ऐकायला तुमच्या अगदी जिवावर येते, त्याच्यासाठी मला वाजवा.