बोरन्हाणाच्या वाटेवरचा बर्फ

इलाताई सबनीसांना कुणी काहीही म्हणावं. पोळ्या जाड म्हणा, आवाज चढा म्हणा, हसून सोडून देतील. पण "आता गाडी चालवू नका" एवढं मात्र म्हणायची सोय नव्हती. ईडन प्रेरी गावात हिंगाची डबी मिळायची मारामार होती, तेव्हापासून ही बाई बर्फात गाडी चालवतेय. आणि ते वाक्य म्हटलं कुणी? पोटच्या मुलीनं. तीही कुठली, तर कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोची, जिथे गार वारा सुटला की लोक लगेच हवामानाबद्दल तक्रार करतात!

अस्मिता त्यासाठीच आठवडाभर येऊन राहिली होती. नजर अधू झाल्यापासून दिगंबररावांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, गाडी चालवणं सोडलं होतं. मागच्या महिन्यात इलाताईंच्या मैत्रिणीची गाडी बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या चरात गेली आणि ती बातमी कॅलिफोर्नियात पोचली. झालं! अस्मितानं येतानाच गाडीला गिऱ्हाईक शोधून ठेवलं. आधी गाडी विकायची, मग घर, आणि दोघांनी तिच्या जवळ एखाद्या सीनियर कम्युनिटीत राहायला यायचं. पोरीला काळजी होती हे खरंच. पण गाडी गेली की पाठोपाठ घर गेलंच, हे इलाताईंना पुरतं कळत होतं.

"मॉम, डील करू या," अस्मिता म्हणाली. "आज बोरन्हाणाला तू ड्राइव्ह कर. मी शेजारी बसते. वेळेवर पोचलीस, काही न होता परत आलीस, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर कार विकायची. आय ॲम सीरियस."

"चालेल," इलाताई म्हणाल्या. "मीही सीरियसच आहे."

बोरन्हाण होतं सिद्धेशच्या मुलीचं, आन्याचं. सिद्धेश नागपूरचा, इथे नवीनच आलेला, इलाताईंना काकू म्हणणारा. आन्याला घालायचे हलव्याचे दागिने इलाताईंनी स्वतः रात्र रात्र बसून ओवले होते. मुकुट, हार, बाजूबंद, सगळं केकच्या खोक्यात बसवून मागच्या सीटवर ठेवलं होतं. म्हणजे त्या पोचल्याशिवाय तिथे काही सुरू होणार नव्हतं.

निघण्याआधी त्यांनी गाडीवरचा बर्फ झाडायला घेतला. काळी चंद्रकळा, खाली गुडघ्याएवढे स्नोबूट, चपला पिशवीत. काचा झाल्या, दिवे झाले, मग टपावर ब्रश चालवायला लागल्या.

"मॉम, वरचं राहू दे ना. लेट होतोय."

"ब्रेक लावला की हा ढीग घसरून पुढच्या काचेवर येतो. मग काय, तू उतरून रस्ता सांगणार आहेस मला?"

अस्मिता आत बसली. दिगंबरराव घरीच थांबणार होते. इलाताईंनी जाड कोट काढून मागे टाकला, कारण त्या कोटात हात धड वळत नाहीत, आणि गाडी काढली.

पुढच्या गाडीपासून त्यांनी इतकं अंतर ठेवलं होतं की मधे कुणीही येऊन घुसायचं. कुणी घुसलं की त्या आणखी मागे राहायच्या. "शिरू दे बापडा," म्हणायच्या. एक भलीमोठी एसयूव्ही तर झूमकन पुढे निघून गेली.

"त्याची ऑल व्हील ड्राइव्ह आहे," अस्मिता म्हणाली.

"पळायला होतात गं चारी चाकं उपयोगी. बर्फावर थांबायची वेळ आली की तो आणि मी सारखेच."

तळ्याजवळच्या वळणावर गाडीचा मागचा भाग डावीकडे सरकला. अस्मितानं वरची मूठ धरली आणि किंचाळली, "ब्रेक! मॉम, ब्रेक!" इलाताईंनी ब्रेकला पायही लावला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, नजर जिथे जायचं तिथे ठेवली आणि स्टिअरिंग अलगद तिकडे वळवलं. गाडी सरळ झाली.

"ब्रेक दाबला असता ना, तर तळ्यात बसलो असतो बोरं वेचत."

"ओके," अस्मिता श्वास सोडत म्हणाली. "दॅट वॉज गुड. रिअली गुड."

इलाताईंनी मान डोलावली, पण आतून त्या अशा फुलल्या होत्या म्हणता! घर राहणार, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात भुरभुर पाऊस सुरू झाला. "थँक गॉड, स्नो नाही," अस्मिता म्हणाली. इलाताईंचं लक्ष मात्र पुढच्या ट्रकच्या चाकांकडे होतं. इतका वेळ त्या चाकांमागे पाणी उडत होतं. आता रस्ता तसाच ओला, तसाच काळा चकचकीत दिसत होता, पण पाणी उडायचं थांबलं होतं. म्हणजे ते पाणी आता पाणी राहिलंच नव्हतं. इलाताईंनी वेग हळूहळू कमी केला, गोगलगाईसारखी गाडी लायब्ररीच्या आवारात वळवली आणि रस्त्यापासून लांब नेऊन बंद केली.

"व्हॉट हॅपन्ड?"

"रस्त्यावर बर्फाची काच झालीय. थांबायचं."

"मॉम, आलोच की आपण! इतकं छान ड्राइव्ह केलंस. आता थांबलीस तर डीलचं काय?"

इलाताई काही बोलणार, तोच सिद्धेशचा फोन आला. "काकू, कुठे आहात? सगळे आलेत. आन्या पेंगायला लागली. मीच येऊ का दागिने घ्यायला? हा आलो बघा."

"सिद्धेश, खबरदार गाडी बाहेर काढलीस तर! बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही होतं, त्याला कसली आलीय घाई? पोरीला झोपव, लोकांना जेवायला वाढ. आणि बाहेरचं ठीक झाल्याशिवाय कुणालाही घरी सोडू नकोस."

फोन ठेवून त्यांनी गाडीची किल्ली अस्मिताच्या हातात ठेवली. "घे. वेळेवर काही पोचत नाही मी. त्या घरावर माझा जीव आहे, अस्मिता. पण चाकाखाली रस्ताच नसताना मी गाडी हाकणार नाही. शेजारी तू बसलेली असताना तर नाहीच नाही."

अस्मितानं किल्ली घेतली. पण हट्टी कुणाची मुलगी! "मग मी चालवते," म्हणाली, दार उघडलं, पाय खाली टेकला, आणि पाय गेला सरळ गाडीखाली. अस्मिताबाई दाराला लोंबकळल्या. इलाताईंनी पुढे वाकून तिच्या कोटाची कॉलर धरली आणि तिला ओढून आत घेतलं.

"लागलं का गं?"

"नो." ती हसायला लागली आणि हसता हसता तिची नजर समोर गेली. समोरच्या रस्त्यावरून एक गाडी चक्क आडवी होऊन येत होती, अगदी सावकाश, आवाज न करता. खांबाला चाटून ती कडेच्या बर्फात रुतली. आतून एक माणूस धडधाकट बाहेर पडला आणि लगेच खाली आपटला. अस्मितानं आईचा हात घट्ट धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

बऱ्याच वेळानं बर्फ वितळवायला मीठ टाकणारा ट्रक दिवे लुकलुकवत गेला. "आता?" अस्मितानं विचारलं. "लागू दे मीठ," इलाताई म्हणाल्या. चाकांमागे पुन्हा पाणी उडायला लागलं, तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केला. अस्मितानं किल्ली दिली.

पोचायला इतका उशीर झाला की आन्या झोपून ताजीतवानी होऊन उठली होती. मुकुट घालून ती ऐटीत बसली. चुरमुरे, क्रॅनबेरी आणि मार्शमेलो डोक्यावरून ओतले तेव्हा मूठभर तोंडात कोंबून खिदळली. त्या गलक्यात अस्मितानं कोपऱ्यात जाऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, तो उद्या कार बघायला येणार आहे ना? त्याला नको म्हणून सांगा. हो, पोचलो. नाही, वेळेवर नाही पोचलो. म्हणूनच."

मग ती इलाताईंजवळ येऊन बसली. "मॉम, रविवारी मला एअरपोर्टला तू सोड."

"रस्ता बरा असला तर सोडेन. नसला तर चार दिवस राहावं लागेल."

"राहीन," अस्मिता म्हणाली.