आखाजीचा बंब

बंब विकून टाका, असं हेमराजभाऊ मार्चच्या सभेत म्हणाले आणि तेव्हापासून मोहिनीला त्या लाल गाडीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

पांझरा नदीकाठच्या त्या लहानशा गावाची ती नगराध्यक्षा. दिल्लीहून दरवर्षी येणारा निधी यंदा आलाच नाही. चौकशी केली की मुंबईहून उत्तर यायचं, निकष बदलताहेत, थांबा. थांबा म्हणायला काय जातं! पगार थांबत नाहीत, दिवाबत्ती थांबत नाही, माणसांची तहान तर मुळीच थांबत नाही. अंदाजपत्रकात मोहिनीने वेशीवरच्या कमानीवर काट मारली, स्वतःची गाडी सोडली, टँकरचा ठेका निम्म्यावर आणला. बंबाला मात्र हात लावू दिला नाही.

"आग लागते कधी? नुसता उभा असतो," विरोधी गटाचे पुढारी हेमराजभाऊ हसले. "धुळ्याचा बोलावला की येतो."

"येईपर्यंत काय बघत बसायचं?" मोहिनीने विचारलं आणि ठराव मांडला. बंब राहील, टाकी कायम भरलेली राहील, ते पाणी आगीशिवाय कशालाही वापरायचं नाही. वरच्या आळीचा नगरसेवक कौतिक हेमराजभाऊंच्या गटातला, त्याने विरोधात हात वर केला. ठराव एका मताच्या फरकाने कसाबसा तरला.

मग आखाजी, खानदेशातली अक्षय्य तृतीया, आली, आणि ऐन सणाच्या तोंडावर नदीवरची मोटर जळाली. टँकरवाल्याने थकलेलं बिल पुढे करून हात वर केले. वरच्या आळीत नळाला टिपूस नाही. सासुरवाशिणी पोरं घेऊन माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, आणि पितरांच्या नावाने पुजायची घागर घरोघरी पालथी.

सणाच्या सकाळी ताईबाई आळीतल्या बायका घेऊन मोहिनीच्या दारात उभी राहिली. ताईबाई ही मोहिनीची सख्खी काकू. मोहिनीचं माहेर त्याच आळीत.

"मोहिनी, बठ्ठास्न्या पोरी माहेरले उन्यात. घागर काय कोरडी पुजानी? तुन्हा बंबमा पाणी शे ना?"

"काकू, ते आगीसाठी आहे. मीच ठराव केलाय."

"तुन्हा बापनीबी घागर भरानी शे. तू बी याच गल्लीनी पोर शे ना वं?"

वडील गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. सभेत वाघिणीसारखी भांडलेली बाई काकूपुढे पार विरघळली. तिने बंब चालवणाऱ्या ईश्वरला फोन केला.

"ताई, अर्धी टाकी मी राखी ठेवसू," ईश्वर म्हणाला.

"अर्धीच द्यायची. मी येते."

ती स्वतः बंबाजवळ उभी राहिली. अर्धी टाकी बघता बघता संपली आणि शेवटची गल्ली हंडे घेऊन तशीच उभी. त्यात माहेरची शेजारीण लताबाई, तिची पोर कडेवर लेकरू घेऊन. आता नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? ईश्वर तिच्याकडे बघत राहिला. "दे," मोहिनी म्हणाली. "उद्या मोटर सुरू होते, मग भरू." टाकी खडखडीत रिकामी झाली. आळीने तिला तोंड भरून आशीर्वाद दिले आणि तिला बरं वाटलं. तेच पुढे तिला सलत राहिलं.

दुपारी घराघरांत खापरावरचे मांडे झाले, चुली अजून धगधगत होत्या. वारा सुटला. कुठला निखारा उडाला कोण जाणे, आळीतल्या छगनच्या गोठ्यावरच्या कडब्याने पेट घेतला.

"मायवं, आग लागनी!"

मोहिनी अनवाणी धावली. गोठ्याला लागून कौतिकचं घर, त्याला लागून अख्खी आळी. ईश्वरने बंब आणला खरा, पण टाकी रिकामी. धुळ्याचा बंब निघाला होता, रस्त्यात होता. आपण हे काय करून बसलो!

"काकू!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "सकाळी दिलेलं पाणी परत द्या!"

बायका आपापल्या हंड्यांकडे बघू लागल्या. कितीतरी दिवसांनी घरात आलेलं पाणी ते. मग ताईबाईने पदर खोचला. "वता वं, बठ्ठं वता!"

हंडे निघाले, कळशा निघाल्या, पिंपं ढकलत आणली. माहेरवाशिणींनी झोके सोडून रांग धरली. ईश्वर टाकीवर चढून ओतत होता. शेवटी ताईबाई पुजलेली घागर घेऊन आली, तिच्यावरचं पूजेचं डांगर, म्हणजे खरबूज, बाजूला काढलेलं.

"राहू दे काकू, ती बाबांची..."

"गल्ली जळी ऱ्हायनी नि घागर काय पुजानी?"

पाइपातून फवारा सुटला. कौतिकची भिंत काळी पडली, पण घर राहिलं. धुळ्याचा बंब आला तेव्हा धूर उरला होता. छगनची गाय मात्र दाव्यालाच गेली. छगन मोहिनीकडे पाठ करून दावं सोडवत बसला. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

हेमराजभाऊ आले, राख बघून म्हणाले, "ठराव तुमचाच आणि मोडलाही तुम्हीच. उद्याच्या सभेत बंब विकायचाच विषय घेतो." माणूस खरं बोलत होता. जी गाडी तिने इतकी भांडून राखली, ती तिनेच घालवली होती.

दुसऱ्या सकाळी मोटर सुरू झाली. सभेआधी घागरीसाठी काकूची माफी मागायला मोहिनी वरच्या आळीत गेली. आळीतल्या नळाला पाणी आलं होतं, पण बायका हंडे घेऊन घराकडे जात नव्हत्या. बंब नळापाशी उभा होता आणि हंडे एकामागून एक टाकीवर चढत होते. रांगेत कौतिकही होता, खांद्यावर कळशी. त्याने मोहिनीकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुढे सरकला.

ताईबाईची घागर अजून पालथीच होती.

"काकू, तुझी घागर?"

"पयले बंब," ताईबाई म्हणाली. "घागर मंग."