खडीवरची सावली

मित्रांनो, माझ्या उजव्या नळीच्या काचेवर आतून बुरशी चढली आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे धागे आता मधोमध येऊन पोचले आहेत, आणि डावी नळीही फार काळ स्वच्छ राहील असं मला वाटत नाही. बंद पेटीतल्या दमट अंधारात जुन्या दुर्बिणींचं असंच होतं. तेव्हा दिसतंय तोवर माझी गोष्ट सांगून टाकते.

माझा जन्म भिंगांच्या कारखान्यात झाला. काचेच्या ओबडधोबड चकत्या तिथे आधी भरड भुकटीने घासत, मग बारीक, आणि शेवटी पिठाहून मऊ भुकटीने. घासून घासून काच इतकी नितळ होई की ती तिथे आहे हेच कळू नये. मग एका कामगार बाईने मला स्टँडवर बसवलं आणि छोटे छोटे स्क्रू फिरवत माझ्या दोन नळ्या जुळवल्या. तिला आधी दोन वर्तुळं दिसत होती. त्यांचं एक झालं तेव्हा ती "हं" एवढंच म्हणाली आणि तिने पुढची दुर्बीण उचलली.

माझा पहिला मालक जंगलातल्या मनोऱ्यावर वणव्याची टेहळणी करायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं टेकड्या न्याहाळत असू. झाडांच्या शेंड्यांवर धुराची बारीकशी रेघ दिसली की तो घंटा वाजवायचा आणि खालची माणसं फावडी, फांद्या घेऊन धावायची. एका कोरड्या उन्हाळ्यात आम्ही वेळेवर धूर पाहिला म्हणून अख्खी दरी वाचली. त्याचा सत्कार झाला तेव्हा मी त्याच्या गळ्यात होते. हार माझ्यावरूनच घातला गेला आणि माझ्या काचेवर फुलांचे परागकण पडले. घरी येऊन त्याने लेकीला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "पाहिलं आणि गप्प बसलं, तर देवाने डोळे कशाला दिले?" लेकीने ते मनावर कोरून ठेवलं.

तो गेल्यावर मी तिच्याकडे आले आणि बरीच वर्षं कपाटातच राहिले. ती कवळ्या बनवायची. शहराच्या टोकाला, एकसारख्या घरांच्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी तिचं टेबल होतं. त्यावर प्लास्टरचे साचे, मेण, रबराची वाटी आणि कुणाकुणाचे होऊ घातलेले दात. नवरा वारला होता. घरात ती आणि तिची नणंद. नणंदेने आयुष्यभर टेलिफोनच्या चौकशी खिडकीवर काम केलं होतं. आता गुडघे धरले होते आणि रेडिओ सुटत नव्हता. दोघी भांडत नसत, पण बोलण्यासारखंही फारसं उरलं नव्हतं.

खिडकीसमोर गल्लीपलीकडे एक बंद पडलेला दोऱ्याचा कारखाना होता. त्याचं छत सपाट. उन्हाने डांबर वितळू नये म्हणून त्यावर बारीक खडी पसरली होती, आणि एका कोपऱ्यात पाण्याची जुनी टाकी गळत होती. त्या खडीवर एके दिवशी एक पक्षी चालताना तिला दिसला. उंच पाय, राखी अंग, डोळ्यावर पांढरी भुवई. तिने कपाट उघडलं, माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि मला डोळ्यांना लावलं.

"वन्सं, हे कबूतर नाही हो."

"मग सोडून दे. कबुतरांनीच काय कमी वैताग दिलाय?" नणंद म्हणाली.

पण तिने सोडलं नाही. तिने ओळखीतल्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला बोलावलं. तो आला तो चहा न घेताच खिडकीशी उभा राहिला. चित्र हलू नये म्हणून त्याने मला खिडकीच्या चौकटीला टेकवलं. पक्षी टिटवीच्या कुळातला होता, उघड्या माळावर जमिनीवरच अंडी घालणारा. त्याने ती जात पुस्तकात वाचली होती; डोळ्यांनी आजच पाहत होता. माळांवर आता घरं झाली. छतावरची खडी पाहून या जोडीला माळ वाटला असावा.

"कुणाला सांगू नका. छतावर कुणीही जायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. फक्त बघा," तो म्हणाला.

"आणि ऊन?"

"त्यांचं ते बघून घेतात," असं म्हणून तो पायऱ्या उतरला. कसं बघून घेतात, ते त्याने सांगितलं नाही. त्याला ते इतकं माहीत होतं की सांगावं असं वाटलंच नाही.

मग अंडी आली. खडीच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. माझ्यावाचून ती कुणालाही दिसली नसती. त्या दिवसांत घर बदललं. साचा वाळेपर्यंत ती मला घेऊन बसायची आणि नणंद रेडिओ बारीक करून विचारायची, "काय म्हणतेय बाळंतीण?" पिल्लं बाहेर आली की छतावरून खाली कशी उतरणार, यावर दोघींचा रोज वाद व्हायचा. या घरात किती तरी वर्षांनी कुणाची वाट पाहिली जात होती.

नंतर उन्हाचा तडाखा सुरू झाला. गल्लीतली कुत्रीसुद्धा गाड्यांखाली सरकली. भर दुपारी तिने मला डोळ्यांना लावलं. मादी अंड्यांवर बसली नव्हती. ती त्यांच्यावर उभी होती, पंख अर्धवट पसरलेले, चोच उघडी, गळा थडथडत होता. नर कुठेच दिसत नव्हता.

"मरतेय ती, वन्सं."

"उन्हाचा त्रास होत असता तर उठून गेली नसती का? पाय आहेत की तिला."

"आई आहे ती. कशी जाईल?"

प्राध्यापकाला फोन लावला, तो लागला नाही. तिने पुन्हा मला लावलं. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, मित्रांनो, पण दुर्बिणीला फक्त दाखवता येतं. आणि दाखवतानाही मी एक छोटंसं वर्तुळच दाखवते. जितकं जवळ आणावं तितकं आजूबाजूचं सुटत जातं. त्या वर्तुळात एक धापा टाकणारी आई होती. माझ्यातून पाहताना ती इतकी जवळ होती की हात लांब केला तर तिच्या डोक्यावर सावली धरता येईल. वडिलांचं वाक्य तिने मोठ्याने उच्चारलं नाही, पण मला ते तिच्या बोटांत जाणवलं. मनोऱ्यावर घंटेकडे जाताना वडिलांची बोटं अशीच घट्ट व्हायची.

खालच्या मजल्यावर एक वायरमन राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला निघायच्या आधी, तिने त्याला गाठलं.

"ताई, पक्ष्याला छत्री?" तो हसला. "उद्या चप्पल पण मागेल."

"शिडी आहे ना तुझ्याकडे? मग लाव."

नणंदेची मोठी काळी छत्री गेली. "माझी छत्री का? तुझी काय वाईट आहे?" ती म्हणाली, पण दिली. प्लास्टर कालवायची रबराची वाटी घासून, पाणी भरून तीही वर गेली. त्याने छत्री उघडून दोन विटांमध्ये घट्ट रोवली, खाली अंडी, शेजारी वाटी. खाली उतरून त्याने शिडी गाडीवर बांधली आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर निघून गेला.

मादी घिरट्या घालत ओरडत होती. मग छताच्या कठड्याशी उतरली. दोन पावलं पुढे आली. छत्रीची कड वाऱ्याने फडफडली आणि ती खडीला चिकटून बसली, मान आत ओढून.

"येईल. सवय होईल," माझी मालकीण म्हणाली.

मादी आली नाही. उघड्या माळावरच्या पक्ष्याला चहूबाजूंनी आकाश दिसावं लागतं. त्याच्या डोक्यावर जे काळं पसरतं, ते शिकारी पक्ष्याचे पंख असतात. हे आम्हाला तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच दिसत होतं की ती पुढे येते, थांबते आणि मागे सरते. निदान अंडी तरी सावलीत आहेत, असं म्हणत तिने एका कवळीचे दात मेणात बसवले.

मित्रांनो, सूर्य सरकतो. छत्री सरकत नाही. दुपारकडे सावलीची कड अंड्यांपाशी आली. मी ते तिला दाखवलं, कारण तिने मला डोळ्यांवरून काढलंच नाही. आधी एका अंड्याचं टोक उजळलं. मग ते अख्खं. मग दुसरं. त्या खडीवर अनवाणी पाय ठेवला असता तर फोड आले असते. अंड्यांवर उभं राहायला आता कुणी नव्हतं, आणि छताला जिना नव्हता.

तिने वायरमनला फोन केला. "अरे, आत्ताच्या आत्ता ये."

"ताई, खांबावर आहे मी. अर्ध्या वस्तीची वीज हातात आहे."

"ये रे बाबा."

तो आला तेव्हा उन्हं उतरली होती. छत्री निघाली, वाटी निघाली. मादी लगेच धावत येऊन अंड्यांवर बसली, आणि माझ्या मालकिणीने मला खाली ठेवून पदर डोळ्यांना लावला. नणंदेने तिला पाणी दिलं. दोघींना वाटलं, वाचलं सगळं.

मादी बसून राहिली. पिल्लं निघायची वेळ आली आणि उलटून गेली. ती बसलीच होती. उठायची, चोचीने अंडी फिरवायची, पुन्हा बसायची. मी तिला पाहत होते आणि तिला सांगणारं जगात कुणी नव्हतं. मग एका सकाळी खडीवर नुसती अंडी होती.

प्राध्यापक आला. माझ्या मालकिणीने त्याला छत्रीचं सगळं सांगितलं, काही न लपवता. त्याने मला उचलून एकदा छताकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "ती मरत नव्हती. ती स्वतःच छत्री झाली होती. उन्हाकडे पाठ करून सावली धरतात ते. आणि जोडीदार पोटाची पिसं भिजवून आणतो, अंड्यांवर ओली पिसं टेकवतो. मग दोघं पाळी बदलतात. मी तुम्हाला हे सांगायला हवं होतं."

"पण तो तर नव्हता तिथे," ती म्हणाली. "मी सारखी बघत होते."

नणंदेने रेडिओ बंद केला. "टाकीखाली असायचा तो," ती म्हणाली. "रोज दुपारी. गळत्या पाण्यात पोट टेकून बसायचा. मला इथून खुर्चीतून दिसायचा. मला वाटलं, तुझ्याकडे तर दुर्बीण आहे, तुला दिसतच असेल."

त्याच दिवशी तिने माझा पट्टा गुंडाळला आणि मला पेटीत घातलं.

ते छत आता पत्र्याने झाकलं आहे, असं मी पेटीतून ऐकलं. तो पक्षी पुन्हा आला नाही. त्या जातीचे आणखी कुठे किती उरले असतील, ते मला माहीत नाही. मला स्वच्छ करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. स्वच्छ काचेतूनच तर हे सगळं झालं. एकच मागते. तुमच्या हाती कधी माझ्यासारखी दुर्बीण आली आणि तिच्यातून एखाद्या जिवाचे हाल दिसून तुमचं काळीज तुटलं, तर धावण्याआधी तिला डोळ्यांवरून खाली घ्या. अख्खं छत बघा. खुर्चीत कुणी बसलं असेल तर त्यांना विचारा.