अडुळशाचा दाखला

लातूरकडच्या मुरुडच्या सिद्रामप्पांचं झाडपाल्याचं दुकान, आणि माणूस एक नंबरचा हेकट. त्यांच्या बायकोला, मल्लम्माला, टीबी झाला. सरकारी गोळ्या सहा महिने घ्यायच्या, त्यातले दोन सरले होते. गोळी पोटात गेली की तिला उलटी व्हायची आणि इकडं यांचा जीव खालीवर. इतकी भीती त्यांना त्र्याण्णवच्या भूकंपातसुद्धा वाटली नव्हती.

म्हणून त्यांनी आपला अडुळसा नांदेडला भाचीकडे धाडला. अक्षरा तिथल्या प्रयोगशाळेत झाडपाल्याचे अर्क टीबीच्या जंतूंवर तपासायची.

"पंच्याहत्तर टक्के पडले की गोळ्या बंद," सिद्रामप्पांनी जाहीर करून टाकलं.

निकाल आला. काचेच्या नळीत अडुळशानं जंतूंची वाढ बहात्तर टक्के रोखली होती.

सिद्रामप्पांचं तोंडच उतरलं. लातूर जिल्ह्यात बहात्तर टक्के म्हणजे चारचौघांत सांगायची सोय नाही.

"पेपर पुन्हा तपासायला टाक," ते फोनवर म्हणाले.

"मामा, हा काय बारावीचा पेपर हाय का? नळीत चाललं ते अंगात चालंलच असं न्हाई," अक्षरानं समजावलं. पण ऐकतील ते सिद्रामप्पा कसले!

झाड उगवलं होतं जुन्या गावठाणात, भूकंपात पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावर. भूकंपग्रस्त माणसांना नोकरीत सवलत मिळते, मग झाडानं काय कुणाचं घोडं मारलंय? तहसीलबाहेरच्या टायपिंगवाल्याला गाठून त्यांनी दाखला करून आणला. नाव: अडुळसा. वडील: सिद्रामप्पा. पडझड: संपूर्ण. बहात्तर अन् सवलतीचे तीन, झाले पंच्याहत्तर. गल्लीत पेढे वाटले. कोपऱ्यावरच्या क्लासवाल्यानं लगोलग आपल्या गुणवंतांच्या फलकावर अडुळशाचा फोटो चढवला.

"पास झालं बघ," घरी येऊन ते मल्लम्माला म्हणाले. "आता गोळ्या बंद."

मल्लम्मा खोकून मोकळी झाली. "बारावी झालेलं पोरगं लगीच डॉक्टर होतंय व्हय? साडेपाच वरसं शिकू द्या की त्याला."

"तवर तू ऱ्हाशील का गं?" सिद्रामप्पांचा आवाज फाटला.

"गोळ्या खाल्ल्या तर ऱ्हाईन. न्हाई तर पेढे खायला तुमी एकटंच."

गोळ्यांचं पाकीट सिद्रामप्पांनी स्वतःच फोडलं आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली.