वच्छला इंगळे इथे राहत नाही

फोन आला तेव्हा अन्नपूर्णाबाईंचे हात कणकेत होते. मोबाईल खांद्यात धरून त्या म्हणाल्या, "कोण?"

"अमरावतीहून बोलून राहिली, विद्यापीठातून. माजी विद्यार्थी विभाग. वच्छला नत्थुजी इंगळे आहेत काय?"

मुलाने, श्यामने, बजावून ठेवलं होतं, की अनोळखी माणसाने फोनवर नाव-गाव विचारलं की समजायचं, हा लुबाडणारा. "नाही बाई, या नावाचं इथं कोणी राहत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. वर नवऱ्याला, सूर्यभानरावांना, सांगितलंही, "आता विद्यापीठाच्या नावानं फसवून राहिले लोकं."

संध्याकाळी अकोल्याच्या जठारपेठेतल्या देवळात त्या कीर्तनाला गेल्या. कीर्तन म्हणजे त्यांचा जीव. बुवा नामाचा महिमा सांगत होते, आणि रंगात आले की समोरच्यांना छेडायची त्यांना खोड. पुढे बसलेल्या म्हातारीला त्यांनी विचारलं, "माय, माहेरी तुले काय म्हणत होते?"

"ठकी," म्हातारी पदराआड हसली.

"पाहा. जन्मभर देवाचं नाव घेतलं, पण माय आपलं विसरली नाही."

मंडप हसला. अन्नपूर्णाबाईंची टाळी हवेतच राहिली.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'अन्नपूर्णा' लिहिलं गेलं, तेव्हापासून सासरी वच्छला अशी हाक कोणी मारली नव्हती. माहेरी आईवडील होते तोवर ती कानावर पडायची. ते गेले, हाकही गेली. पण वच्छला इंगळे होती. अकोटहून अमरावतीला शिकायला गेलेली, बी.ए. झालेली. विद्यापीठ नागपूरहून वेगळं होऊन अमरावतीत आलं, त्याच्या सुरुवातीच्या पदवीधरांतली. त्याआधी वऱ्हाडातल्या पोरांच्या पदवीवर नागपूरचं नाव असे. "आता शिक्का आपल्या गावचा," म्हणत दोघी मैत्रिणी पदवी मिळाली त्या दिवशी पेढे खात अमरावतीभर हिंडल्या होत्या. दुसरी शाहीन, परतवाड्याची. वसतिगृहातून कीर्तनाला तीही यायची. "तुह्या बुवाचं ग्यान होऊ दे, गोष्ट सुरू झाली की मले हाक मार," म्हणायची आणि देवळाबाहेरच्या पारावर शेंगा खात बसायची.

सोमवारी नवराबायको अमरावतीला पोचले. विभागात रागिणी नावाची तरुण मुलगी संगणकापुढे होती.

"मी वच्छला इंगळे," बाई म्हणाल्या. दुसऱ्या कोणाची वस्तू उचलावी तसं वाटलं.

रागिणीने वर पाहिलं. "काकू, तुमीच त म्हणाल्या ना, या नावाचं कोणी नाही म्हणून?"

"मीच म्हटलं. ध्यानातच नाही आलं वं पोरी."

"बायकांचं असंच होते. गडी माणसं त्याच नावानं सापडतात, पोरी लग्न झालं की हरवतात. म्हणून आमी त्या त्या सालच्या पदवीधर मॅडमले मदतीले बसवतो. तुमचा नंबर शाहीन मॅडमनं काढला, अकोटले फोन करू करू. त्या दिवशी इथंच बसल्या होत्या. फोन स्पीकरवर होता."

अन्नपूर्णाबाई पुढे झाल्या. "मंग?"

"तुमी 'कोण' म्हटलं, तशा त्या उभ्याच राहिल्या. म्हणे, हीच, हीच. मंग तुमी नाही म्हटलं." रागिणीचा आवाज बारीक झाला. "म्हणे, राहू दे बेटा, तिच्या घरी नसंल चालत. तेव्हापासून परतवाड्याहून आल्या नाही."

"काय नसंल चालत?" सूर्यभानरावांनी विचारलं. रागिणीने नजर संगणकाकडे वळवली. मग त्यांनाही कळलं.

रागिणीने नंबर लावून दिला, स्पीकरवर.

"शाहीन, मी वच्छू."

"हाव," शाहीन म्हणाली. "आवाज तसाच आहे तुहा."

"त्या दिवशी मले उमजलंच नाही वं. माह्यं नावच मी विसरली होती."

"आपलं नाव कोणी विसरते काय, वच्छू?" आवाजात राग नव्हता. लेकराची समजूत काढावी तसं ती बोलत होती. "मी समजली. सासर आहे, कोणी बसलं असंल. आमचं येणंजाणं सगळ्याच घरात नाही चालत, आता त जास्तच. तू सुखात आहेस ना?"

"तसं काही नाही, शाहीन. खरंच नाही."

"बरं बरं."

सूर्यभानराव मनाचे भले, ते फोनकडे वाकले. "ताई, मी हिचा नवरा बोलून राहिलो. आमच्या घरी कोणाले काही नाही. तुमी खुशाल जेवाले या अकोल्याले."

पलीकडून परका, अदबीचा आवाज आला. "जी, भाऊसाहेब. मेहरबानी. येईन कधी." आणि फोन बंद.

नवरा शेजारी बसून सगळं ऐकतो, हे शाहीनच्या लेखी आता पक्कं झालं होतं.

"पुन्हा लावू काय, काकू?"

"नोको. आता काय बी बोलली तरी तिले वाटंल, हे बोलाले लावून राहिले." बाईंनी पिशवी उचलली. "तुमी अकोल्याले जा. मी परतवाड्याले जाते."

"मी येतो ना संगं. समजावून सांगतो तिले."

"तुमी आले त तेच होईल."

ते बसपर्यंत सोडायला आले. खिडकीशी उभे राहून त्यांनी विचारलं, "काय सांगशील तिले?"

बाईंनी तिकिटाचे पैसे काढून मुठीत धरले. आपलं नाव विसरलो, हे त्या शपथेवर सांगू शकत होत्या. शाहीनचं नाव मात्र त्या कधीच विसरल्या नव्हत्या. परतवाडाही कुठे हलला नव्हता, आणि इतक्या वर्षांत ही बस रोज सुटत होती. शोधलं शेवटी शाहीननेच. तू का नाही शोधलं, हे तिने विचारलं तर काय सांगावं, ते त्यांना बस निघाली तरी सुचलं नव्हतं.