झाला पूल, उघड डोळे

सीनुआन अठ्ठावन्न वर्षांची होईस्तोवर एकटी कधी बसमध्ये चढली नव्हती. तिला कुणी भित्री म्हणावं तर जीभ हासडून हातात देईल अशी बाई. नवरा पिऊन आला की त्याला अंगणातच झोपवायची. पण गाव सोडून जायचं म्हटलं की तिला सोबत लागायची. आधी नवऱ्याची, आणि तो गेल्यावर पिकुनची. पिकुन तिची एकुलती एक लेक.

कारण म्हणजे पूल. बस पुलावर चढली की सीनुआन डोळे गच्च मिटून घ्यायची. पिकुन हसायची, आईचा हात आपल्या मांडीवर ओढून घ्यायची आणि पलीकडे गेलं की म्हणायची, "झाला पूल. उघड डोळे." शाळेत जायच्या वयापासून म्हणायची. आई कोण आणि लेक कोण, बघणाऱ्याला कळू नये.

मोठी झाल्यावर पिकुन समुद्राकाठी रायोंगला कारखान्यात लागली. तिथेच एका चौकात, कामावरून परतताना, ट्रकने तिची मोटरसायकल उडवली. तिघे पुतणे पिकअप घेऊन गेले आणि शवपेटी घेऊन आले. विहारात दहन झालं, भिक्खूंनी पाठ म्हटले, गाव जेवलं. सगळं रीतसर झालं. तरी पिकुन रोज आईच्या स्वप्नात यायला लागली. खांद्याला पिशवी, चिखलाने भरलेले पाय, रस्त्याच्या कडेला उभी. म्हणायची, "आई, कुठली गाडी गं?"

सीनुआनने पुतण्यांना समोर बसवलं.

"येताना पूल सांगितले होते तिला?"

थोरला नखं बघत म्हणाला, "काकू, आम्ही गाडी चालवत होतो."

"तिघेही? एकाच्या हातात चाक होतं, मान्य. बाकी दोघांच्या तोंडात काय बोळा होता?"

"मी सांगितले दोन-तीन," धाकटा म्हणाला. "मग डोळा लागला."

"जेवताना बरा नाही लागत!"

आमच्याकडे हे शेंबडं पोरही जाणतं. घराबाहेर मेलेल्या माणसाला पाणी ओलांडता येत नाही. पूल आला की नाव घेऊन सांगायचं, पूल आलाय, चल, मागे राहू नको. वळण आलं की वळण सांगायचं. नाही सांगितलं तर देह घरी पोचतो आणि माणूस तिथेच उभं राहतं, कोण बोलावतंय याची वाट बघत.

जीव भटकू नये म्हणून मनगटाला दोरा बांधणारे गावातले म्हातारे चान म्हणाले, "जिथे गेली तिथून पुन्हा आणायला हवी. आणि हाक तू मार. एकदा फसलेली आहे ती, आता दुसऱ्या कुणाच्या हाकेला यायची नाही."

नणंद बुनमा लगेच म्हणाली, "मी येते सोबत. नाहीतर वहिनी, तू पुलावर डोळे मिटून बसणार, हाक काय डोंबल मारणार?"

बोलली ती मायेनेच, पण बोचायचं ते बोचलं. "तुझा भात शेतात उभा आहे, तो काप जा," सीनुआन म्हणाली. "माझ्या लेकीला माझं तोंड पुरे."

अशी ती एकटी निघाली. जाताना सगळे पूल डोळे मिटूनच काढले. पण 'झाला' म्हणणारं कुणी नव्हतं. एकदा लवकर उघडले तर खाली पाणीच पाणी. पुढच्या वेळी इतका वेळ मिटून ठेवले की मधलं एक अख्खं गाव निघून गेलं.

रायोंगच्या त्या चौकात तिने उदबत्ती लावली, चिकट भात आणि भाजलेला मासा मांडला. पिकुन शाळेत न्यायची ती भाताची छोटी बांबूची टोपली तिने आणली होती. तिच्यात पिकुनचा निळा सदरा घडी करून ठेवला आणि झाकणाला पांढरा दोरा बांधला. मोटरसायकली वळसा घालून जात होत्या.

"पिकुन, मी आलेय. एकटी आलेय बघ. चल घरी."

कोपऱ्यावरची पेरूवाली हातगाडी सोडून जवळ आली. "निळ्या सदऱ्याची ना? जायची माझ्यावरून. तिखट-मीठ जास्त मागायची, वर भांडायची की कमी घातलं." तिने एक पेरू कापला, भरपूर तिखट-मीठ लावून पुडी बांधली आणि टोपलीशेजारी ठेवली. "आता नाही भांडणार. घेऊन जा."

परतीच्या बसमध्ये सीनुआनने दोन जागा घेतल्या. बसची बाई तिकीट बघायला आली. "मावशी, दुसरं माणूस कुठाय?"

"बसलंय."

बाईने टोपली पाहिली, दोरा पाहिला. तीही आमच्याच मुलखाची निघाली. हळूच म्हणाली, "मग खिडकी द्या तिला. बाहेरचं दिसेल."

पहिले पूल छोटे होते, कालव्यांवरचे. सीनुआन डोळे फाडून बसली होती. "पिकुन, पूल आलाय, चल." पुन्हा, "पिकुन, पूल." पुढच्या बाकावरचा एक माणूस वळून हसला. "मावशी, मी झोपतोय. मलाही सांगाल का पूल?"

"तू जिता आहेस तोवर स्वतः बघ."

बस हसली. मग त्याची नजर टोपलीवर गेली. त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि पुढे तोंड केलं.

मग बांगपकोंग नदी आली. पाणी तपकिरी, रुंद, फुगलेलं. पूल चढताना सीनुआनने तोंड उघडलं. "पि..." एवढंच आलं. डोळे आपोआप मिटले आणि हात शेजारच्या जागेवर तो हात शोधत गेला. हाताला टोपलीची कड लागली. तिने ती घट्ट धरली आणि थांबली. कशाची वाट बघत होती, हे तिला डोळे उघडल्यावर कळलं. बाहेर कोळंबीची तळी पळत होती.

"गाडी थांबवा!"

"इथे थांबा नाहीये, मावशी."

"माझी मुलगी मागे राहिली!"

ड्रायव्हरने मागे वळूनही पाहिलं नाही. कडेला घेऊन ब्रेक लावला. बसची बाई तिला उतरवताना म्हणाली, "मागच्या गाडीला फोन करते. ह्याच तिकिटावर बसा, दोघीही."

सीनुआन टोपली छातीशी धरून पूल चालत मागे गेली. रायोंगकडच्या टोकाला पोचली, तोंड फिरवलं आणि परत निघाली. ट्रक गेला की पूल थरथरायचा आणि ती टोपली आणखी घट्ट धरायची.

"पिकुन, पूल आलाय. लांब आहे हा. माझ्या मागे मागे ये, कठड्याकडे जाऊ नको. चुलतभाऊ तुझे गाढव आहेत, आणि मी त्यांच्याहून. मघाशी मिटले गं डोळे. आता उघडे आहेत, बघ. खाली पाणी आहे, होडी आहे, होडीत कुत्रं बसलंय. मला दिसतंय सगळं. तू घाबरलीस तर सांग. मी घाबरलेय, पण चालतेय ना? चल."

कठडा संपला. पायाखाली माती आली. सीनुआन थांबली. आता म्हणायला हवं होतं, आणि म्हणणारी तीच होती.

"झाला पूल," ती टोपलीला म्हणाली. तिथेच रस्त्याच्या कडेला बसली आणि पदर नसलेली बाई कशात तोंड लपवणार, तिने ते टोपलीच्या झाकणावरच टेकवलं.

पुढचे सगळे पूल तिने सांगितले, एकही चुकवला नाही. गावाजवळच्या ची नदीचाही सांगितला. गावी चानबाबांनी दोरा सोडला. विहाराच्या भिंतीत जिथे पिकुनच्या अस्थी आहेत तिथे सदरा, टोपली आणि सुकलेला पेरू ठेवला.

त्या रात्री पिकुन स्वप्नात आली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. महिना झाला, कापणी संपली, तरी नाही.

"पोचली," चानबाबा म्हणाले. "रस्ता सापडलेलं माणूस कशाला पुन्हा विचारायला येईल?"

"चांगलंच झालं ना, वहिनी?" बुनमाने विचारलं.

"झालं की," सीनुआन म्हणाली. भात धूत होती. धुऊन झालेला भात तिने पुन्हा धुवायला घेतला. "तिथेच राहिली असती तर रोज दिसली तरी असती."

बुनमाने भाताचं भांडं तिच्या हातातून काढून घेतलं.

आता सीनुआन एकटी फिरते. खोन केनच्या बाजाराला जाते, लांबच्या जत्रांना जाते, कधी काही काम नसताना नुसती जाऊन येते. धीट झाली, गाव म्हणतं, ह्या वयात पाय फुटले. खिडकी रिकामी ठेवून ती कडेच्या जागेवर बसते. पुलाची भीती तिला आता मुळीच वाटत नाही. तरी पूल आला की ती डोळे मिटते आणि हात शेजारी ठेवते. पूल जातो. शेतं जातात, गावं जातात. शेवटचा थांबा येतो आणि कुणीतरी परकं माणूस तिच्या खांद्याला हात लावून म्हणतं, "मावशी, उतरा. आलं."